दारूला वीस मिनिटं, पितळाला चार दिवस

"घटनास्थळी तीन रिकाम्या पुंगळ्या आणि एक जिवंत काडतूस सापडलं" असल्या बातम्या वाचत आपण मोठे झालो, त्यामुळे आत्ता या घडीला माझ्या बेसमेंटमधे दीडएकशे रिकाम्या पुंगळ्या आणि साठ जिवंत काडतुसं आहेत हे लिहितानासुद्धा कोणीतरी पंचनामा करायला येईल असं वाटतं. कोणी येणार नाहीये. मी ओहायोत राहतो, कोलंबसला, आणि इथं स्वतःच्या रायफलीच्या गोळ्या स्वतःच घरी भरणं हा मासेमारीसारखा किंवा लोणची घालण्यासारखा एक छंद आहे, त्याला रीलोडिंग म्हणतात, बरेचसे रिटायर्ड आजोबा करतात, आणि गेली दोन-अडीच वर्षं मी पण करतोय. मंडळाच्या गणपतीत हे कोणाला सांगितलं की समोरचा एक पाऊल मागं सरकतो आणि मग हळूच विचारतो की "पण कसं करतात रे?" म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो, पुढच्या वर्षी लिंक देईन.

आधी शब्द सरळ करून घेऊ कारण मराठीत घोळ आहे. आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो. पण जे आपण बंदुकीत घालतो ते अख्खं काडतूस, त्याचे चार भाग. पितळेची नळी, म्हणजे पुंगळी. तिच्या बुडात बसवलेली छोटी टिकली, म्हणजे प्रायमर, ज्याच्यावर रायफलीची पिन आपटते. आत दारू. आणि वर तोंडात बसवलेली बुलेट, जी खरं तर एकटीच लक्ष्यापर्यंत जाते. इंग्रजीत पुंगळीला केस म्हणतात पण मराठी वाक्यात केस म्हणलं की डोक्यावरचे नाहीतर कोर्टातली आठवते, म्हणून मी पुंगळीच लिहिणारे. आणि दारूचं म्हणाल तर मी आईला फोनवर एकदा "थांब गं, दारू भरतोय, हातातलं संपवतो मग करतो" म्हणालो होतो, त्यावर जे झालं ते झालं, तेव्हापासून घरी मी पावडर म्हणतो.

मुद्दा असा की गोळी उडाल्यावर प्रायमर संपतो, पावडर जळते, बुलेट जाते, पण पुंगळी तिथंच पडते आणि चारही भागांत सगळ्यात महाग भाग तीच. नवीन प्रायमर, नवी पावडर, नवी बुलेट घातली की परत काडतूस तयार. नीट सांभाळली तर एकच पुंगळी पाच-सहा-आठ वेळा वापरता येते. सगळा छंद या एका गोष्टीवर उभा आहे.

मला हे कळलं कॅम्प पेरीला. लेक ईरीच्या काठावर लष्कराची जुनी रेंज आहे, १९०७ पासून तिथं नेमबाजीच्या नॅशनल मॅचेस होतात, उन्हाळ्यात आम्ही तळ्यावर फिरायला गेलो होतो तर म्हणलं बघून येऊ. दुसऱ्या महायुद्धातल्या एम-वन गॅरंड रायफली घेऊन लोक ओळीनं झोपलेले, ठण्ण करून गोळ्या धरणारी रिकामी क्लिप उडायची, आणि फायरिंग थांबून रेंज मोकळी झाली की सगळे, अगदी सत्तरीचे आजोबासुद्धा, वाकून गवतातून आपापल्या पुंगळ्या गोळा करायचे. अगदी खळ्यावर सांडलेलं धान्य वेचावं तसं. एकही सोडायची नाही. मला वाटलं स्वच्छतेचा नियम असेल. शेजारी उभ्या माणसाने सांगितलं, नियम कसला, पैसे पडलेत ते गवतात.

तेव्हा माझ्याकडे रायफल पण नव्हती. एच-वनवाल्यांसाठी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांसाठी, सांगतो कारण हे बऱ्याच जणांना माहिती नसतं, त्या व्हिसावर असताना फेडरल कायद्याने बंदूक आणि गोळ्या दोन्ही बाळगायला बंदी आहे, हंटिंग लायसन्स असेल तर वगैरे काही अपवाद आहेत पण त्यांच्या भरवशावर व्हिसा पणाला लावायचा का हे आपापलं ठरवा. मी ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत थांबलो. मग ३०८ विंचेस्टर या मापाच्या काडतुसाची एक साधी बोल्ट-ॲक्शन रायफल घेतली, म्हणजे दर गोळीला बोल्ट, मागचा दांडा, हाताने मागंपुढं करायची. शिकार करत नाही, आणि ओहायोत हरणासाठी तशीही ही चालत नाही, इथं सरळ नळीच्या काडतुसाच्याच रायफली चालतात, ३०८ ची पुंगळी खांद्यापाशी निमुळती होते. मी फक्त कागदावर मारतो.

आता पैशाचं, कारण पहिला प्रश्न तोच असतो. मी जी मॅचवाली, म्हणजे स्पर्धेच्या दर्जाची, गोळी घेत होतो तिची वीसची पेटी चाळीस डॉलरच्या आसपास, म्हणजे दर वेळी खटका ओढला की दोन डॉलर गेले. घरी भरली तर बुलेट पंचेचाळीस सेंट, प्रायमर नऊ-दहा, पावडर तीसेक सेंट, पुंगळीचे सात-आठ वापरात वाटून दहा धरा, म्हणजे ९५ सेंट. निम्म्याहून कमी! हे गणित मी बायकोला एक्सेलमधे दाखवलं होतं. तिने विचारलं मशीनचे किती. प्रेस म्हणजे हँडलचं दाबयंत्र, डाय म्हणजे त्यात बसणारा पोलादी साचा, काटा, मापं घ्यायचा कॅलिपर, पुंगळ्या घासणारा टम्बलर, पुस्तक मिळून साडेचारशे डॉलर गेले होते. मग ती म्हणाली म्हणजे सवाचारशे-साडेचारशे गोळ्या मारल्यावर वाचायला लागणार. बरोबर होतं, फक्त त्यात एक धरलं नव्हतं की गोळी निम्म्यात पडायला लागली की माणूस दुप्पट मारतो. एक डॉलर वाचलेला नाही. पैसे वाचवायला या छंदात येणाऱ्याने येऊच नये, आणि साधी स्वस्त गोळी मारणाऱ्याने तर अजिबातच नाही, तिथं फरक पण फारसा पडत नाही. आणि बावीसच्या रायफलीवाल्यांनी तर विसराच. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमधे ५० मीटरला ब्राँझ आणलं तेव्हा दोन-तीन जणांनी मला मेसेज केला की तू पण असंच का, तर नाही, पहिली गोष्ट कुठं तो कुठं मी, आणि दुसरी म्हणजे त्याची पॉइंट ट्वेंटी-टू गोळी रिमफायर असते, तिच्यात वेगळा प्रायमर नसतोच, स्फोटक बुडाच्या कडेतच भरलेलं असतं, एकदा पिन आपटून कड चेपली की ती पुंगळी गेली.

सामान यायच्या आधी मी काकांना फोन लावला होता. काका खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. ही फॅक्टरी १८६९ ची, खडकीत तिला कोणी पूर्ण नावाने बोलावत नाही, नुसतं फॅक्टरी. काकांची अख्खी नोकरी तपासणीत गेली, हातात गेज घेऊन, बसतंय का नाही बसतंय, पास का रिजेक्ट. मला वाटलं ते ओरडतील, घरात दारू आणतोस, पोरं आहेत वगैरे. तसं काहीच नाही.

"प्रेस घेतला म्हणतोस. गेज घेतलंस का?"

म्हणलं कॅलिपर घेतलाय.

"कॅलिपर नव्हे रे. गेज."

म्हणलं बघतो. बघितलं, पुंगळीचा खांदा कुठं येतो ते मोजणारं साधन होतं ते, पन्नासेक डॉलर. पुस्तकात लिहिलेलं की प्रेसवर डाय अमुक इतका खाली फिरवा, शेलहोल्डरला, म्हणजे पुंगळीचं बूड धरणाऱ्या खाचेला, टेकू द्या, झालं. मग पन्नास डॉलर कशाला घालवायचे. नाही घेतलं. हे लक्षात ठेवा, परत येणारे.

तर पहिलं काम धुणं. उडालेल्या पुंगळ्या काळ्या, काजळीने भरलेल्या असतात. मक्याच्या कणसाचा भुसा भरलेल्या थरथरत्या डब्यात, टम्बलरमधे, दोन-तीन तास फिरवायच्या. ह्याचा आवाज म्हणजे वॉशिंग मशीनमधे कोणीतरी चिल्लर विसरलंय. मला आधी वाटलं यात काय, आपण देवाची भांडी घासलेली माणसं, चिंच लावू, पितांबरी लावू, लखलखीत करू. शेजारी एक आजोबा आहेत, टूल-अँड-डायच्या कारखान्यातून रिटायर झालेले, चाळीस वर्षं स्वतःच्या गोळ्या भरतात, त्यांना मी पॉलिश दाखवली, कपाटात होती ती बाटलीतली, वास नाकात जाणारी. त्यांनी बाटली माझ्या हातातून काढून शेल्फवर वर ठेवून दिली. त्यात अमोनिया असतो. काडतुसाचं पितळ म्हणजे सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त, थंड असतानाच ओढून-ताणून नळी केलेलं, त्यामुळे त्याच्या अंगात ताण अडकून बसलेला असतो आणि अमोनिया लागला की ते आपोआप चिरतं.

आणि यातली गंमत म्हणजे हा शोध आपल्याकडचा आहे, म्हणजे आपल्या पावसातला. इंग्रजांच्या फौजा पावसाळ्यात मोहिमा थांबवायच्या आणि दारूगोळा तबेल्यात ठेवून द्यायच्या. पाऊस संपला, पेट्या उघडल्या, तर धड ठेवलेल्या पुंगळ्यांना उभ्या चिरा! कोणी हात लावला नाही, मग चिरल्या कशा. पावसाळ्यात होतं म्हणून त्याला नावच पडलं सीझन क्रॅकिंग. बऱ्याच वर्षांनी, १९२१ च्या सुमाराला, कारण कळलं, घोड्यांचं मूत. त्यातून निघालेला अमोनिया. मी हे वाचून काकांना सांगितलं तर काका म्हणाले हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगायचे. मला चाळिसाव्या वर्षी ओहायोत कळलं.

भुशाच्या धुळीत शिसं असतं हे पण आधी कोणी सांगत नाही, प्रायमरमधल्या शिशाच्या संयुगाची राख ती. टम्बलरचं झाकण घरात उघडायचं नाही, नंतर हात साबणाने धुवायचे, आणि टेबलावर खायचं-प्यायचं नाही. चहा वरच प्यायचा. मी बेसमेंटमधे चहा नेणं बंद केलं ह्याचंच घरात जास्त आश्चर्य वाटलं.

मग येतं साइझिंग. गोळी उडते तेव्हा पुंगळी आतल्या दाबाने फुगून रायफलीच्या घरात, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत, घट्ट बसते आणि मग थोडीशी आक्रसते. ती परत मूळ मापात आणायची म्हणजे पोलादी डायमधे दाबायची, त्याच दणक्यात आतली पिन जुना प्रायमर खाली पाडते. दाबायच्या आधी तिला वंगण लावायचं, फार थोडं. काडतूस आणि चरबी हे दोन शब्द एका वाक्यात आले की मराठी माणसाला डायरेक्ट १८५७ आठवतं, तर निश्चिंत असा, माझ्या डबीतलं लॅनोलिन आहे, मेंढीच्या लोकरीचं.

फार थोडं म्हणजे किती हे मात्र हातालाच कळतं. माझी पहिली संध्याकाळ. पहिली पुंगळी गेली, आली. दुसरी जरा जड गेली, आली. तिसरीला मी हँडल खाली केलं आणि ते गेलं बरोबर, वर येईना. थोडा जोर लावला. आणखी थोडा. मग खट् करून हँडल एकदम हलकं झालं आणि मी मागच्या कपाटावर आपटलो, खाली बघतो तर पुंगळीची बुडाची कड तुटून शेलहोल्डरमधे आणि उरलेली पुंगळी वर डायमधे, जशी काही तिथंच ओतलेली. पकडीने धरायला काही नाही. तेल सोडलं, रात्रभर फ्रीजरमधे ठेवलं, आइसक्रीमच्या शेजारी, बायकोने सकाळी विचारलं हे काय, म्हणलं डाय, ती म्हणाली कोण?

दुसऱ्या दिवशी आजोबांकडे गेलो. त्यांनी डाय बघितली, हसले नाहीत, ड्रॉवर उघडला आणि एक छोटं किट काढलं, म्हणजे हे इतक्या लोकांचं होतं की त्याचं किट विकत मिळतं. डाय शिकंजात धरली, पुंगळीच्या बुडाला ड्रिलने भोक पाडलं, त्यात टॅपने आटे पाडले, वर एक वॉशरची टोपी ठेवून बोल्ट आवळत गेले, पाना फिरतोय फिरतोय, आणि मग कुईं असा बारीक आवाज करत पुंगळी दाढ निघावी तशी बाहेर आली. तिच्या अंगावर लांब ओरखडे. ती मी ठेवलीये, बेंचवर खिळ्याला टांगून. त्यानंतर मी घाबरून भसाभस वंगण लावायला लागलो तर पुढच्या दहा पुंगळ्यांच्या खांद्याला पोचे आले, कारण जास्तीचं तेल डायमधे साचतं आणि त्याला जायला जागा नसते. बोटाला लागलंय असं वाटावं पण दिसू नये, इतकं. मोदकाच्या उकडीला तुपाचा हात लावतात ना, तितकंच.

दाबल्यावर पितळ कुठंतरी जाणारच, ते मानेकडे वाहतं आणि पुंगळी लांब होते. ३०८ ची जास्तीत जास्त लांबी २.०१५ इंच, त्याच्यावर गेली की २.००५ ला छाटायची, नाहीतर तिचं तोंड रायफलीच्या घराच्या पुढच्या कडेत अडकून बुलेटला आवळून धरतं आणि दाब वाढतो. म्हणजे एकेक पुंगळी कॅलिपरने मोजायची, छाटायची, मग तोंडाची आतली धार काढायची, बाहेरची धार काढायची, प्रायमरचा खड्डा खरवडायचा. शंभर पुंगळ्या. माझे दोन रविवार यातच जातात. चार-पाच वापरांनी मान कडक होते, मग ती तापवून नरम करावी लागते, पुण्यात तांबट आळीत भांडं ठोकायच्या आधी भट्टीत घालून लाल करतात तेच तत्त्व, फक्त इथं मान आणि खांदाच तापवायचा, बूड चुकून पण नाही, बूड नरम पडलं तर ते दाब झेलणार नाही. हे मी अजून स्वतः करत नाही. आजोबांकडे नेऊन देतो, बदल्यात बायकोच्या हातच्या चकल्या.

प्रायमरचं थोडक्यात. बसवायला हाताचं यंत्र मिळतं, दाबून बसवायचा आणि बुडावरून बोट फिरवायचं, प्रायमर किंचित आत लागला पाहिजे, वर आलेला लागला तर ते काडतूस बाजूला. डोळ्यावर चष्मा हवाच. एकदा रेंजवर उचललेल्या परक्या पुंगळ्यांत माझी डायमधली पिन मोडली, टॉर्च मारून बघितलं तर आत मधोमध एका भोकाऐवजी बाजूला दोन भोकं. ती बर्डन पद्धतीची. बर्डन अमेरिकन माणूस, त्याची पद्धत युरोपात चालली, आणि बॉक्सर इंग्रज, त्याची अमेरिकेत. घरी भरायला बॉक्सरवालीच बरी. तेव्हापासून दुसऱ्याच्या पुंगळ्या उचलत नाही.

आणि आता दारू. जिच्यासाठी सगळे घाबरतात. पन्नास धुतलेल्या, मापलेल्या, प्रायमर लावलेल्या पुंगळ्या लाकडी ट्रेमधे उभ्या असल्या की त्यांत पावडर भरायला मला खरंच वीस मिनिटं लागतात. ही काळी दारू नव्हे, कोकणात आजोळी ठासणीच्या बंदुकीत गजाने ठासायचे ती वेगळी, ही धूरविरहित, बारीक पेन्सिलीच्या शिशाचे तुकडे कापावेत तशी दिसते, उघड्यावर पेटवली तर भुर्रकन जळते, फुटत नाही. कोंडली की मग तिचं रूप. ३०८ च्या घरात दाबाची मर्यादाच ६२,००० पीएसआय आहे, आपल्या गाडीच्या टायरमधे तीस-पस्तीस असतो, आणि हे सगळं आपल्या गालापासून चार इंचांवर चाललेलं असतं.

मोजायचं ग्रेनमधे. ७,००० ग्रेनचा एक पौंड. मला हे एकक आधी फार परकं वाटलं आणि मग एके रात्री एकदम ओळखीचं निघालं. आपला जुना तोळा, आता सराफ १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात तो नाही, जुना ११.६६ ग्रॅमचा, तो इंग्रजांनी बरोबर १८० ग्रेनवर बसवला होता. आणि १८० ग्रेनची बुलेट तर इथं दुकानात सर्रास मिळते. म्हणजे एक तोळा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे शहाण्णव गुंजा, तर एक गुंज होते पावणेदोन ग्रेनपेक्षा जरा जास्त. माझा काटा ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत मोजतो, म्हणजे गुंजेचा अठरावा-एकोणिसावा हिस्सा. आईला हे सांगितल्यावर पहिल्यांदा ती म्हणाली, मग सोनाराचंच काम आहे की. पंखा बंद ठेवतोस ना? ठेवतो. एसीचा झोत पण लागू द्यायचा नाही, काटा नाचतो.

किती ग्रेन घालतो ते विचारू नका. खरंच नका. माझ्या रायफलीत बरं चालणारं माप तुमच्या रायफलीत बरं चालेल असं नाही, आणि नेटवर कोणीतरी लिहिलंय म्हणून घालणारे लोक आहेत. पावडरवाल्यांची, बुलेटवाल्यांची छापील पुस्तकं मिळतात, त्यात तुमची बुलेट, तुमची पावडर बघायची, दिलेल्या खालच्या मापापासून सुरू करायचं, ते साधारण कमाल मापाच्या दहा टक्के खाली असतं, आणि थोडं थोडं वर जायचं. मारलेला प्रायमर सपाट झालेला दिसला, बोल्ट उघडायला जड गेला, बुडावर चकचकीत ठसा उठला, की थांबायचं, पुस्तकातलं माप अजून पुढं असलं तरी. बेंचवर एका वेळी एकच बाटली, हा एक नियम मी देवासारखा पाळतो, कारण एच ४३५० आणि आयएमआर ४३५० हे आकडे सारखे असले तरी पावडरी वेगळ्या आहेत, माप बदलतं. आणि सगळं भरून झाल्यावर, बुलेट बसवायच्या आधी, टॉर्च घेऊन अख्ख्या ट्रेवर वाकून एकेका नळीत बघायचं की सगळ्यांची पातळी सारखी आहे. फोन वाजला तर वाजू दे. मी त्या वीस मिनिटांत फोन वरच ठेवून येतो, आईच्या त्या प्रकरणानंतर तर नक्कीच.

पहिल्या पन्नास गोळ्यांचा निकाल सांगतो, दुकानातल्या गोळीपेक्षा वाईट. दुकानातल्या गोळ्यांची भोकं शंभर यार्डावर सव्वा-दीड इंचाच्या घेरात बसायची, माझी दोन इंचात. यूट्यूबवर सगळ्यांच्या एका भोकात जातात. तिसऱ्या खेपेला कुठं माझ्या एक इंचाच्या आत आल्या, तो कागद मी फ्रिजवर लावला होता, पोरीच्या चित्राच्या शेजारी.

कायद्याचं एवढंच की इथं स्वतःच्या वापरासाठी भरायला फेडरल लायसन्स लागत नाही, पण विकायच्या झाल्या तर लागतं, आणि मी फुकट पण कोणाला देत नाही, मित्राची रायफल माझ्या हातची गोळी हा विषयच नको. इथल्या फायर कोडच्या हिशोबाने घरात मूळ बाटल्यांमधे २० पौंड पावडर आणि १०,००० प्रायमर चालतात, राज्याचे आणि गावाचे नियम वेगळे असू शकतात ते बघून घ्या, माझ्याकडे दोन पौंडांच्या वर कधी नसते. भारतातल्या मित्रांनो, हे वाचून काही आणायला-जमवायला जाऊ नका, आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली विनापरवाना काडतूस बनवणं हा सरळ गुन्हा आहे. आणि इथून जाणाऱ्यांनो, रेंजवर नेलेली बॅग कधी, म्हणजे कधीच, भारतात नेऊ नका. तळाशी अस्तरात एक काडतूस राहिलं तर मुंबईला उतरल्यावर बारशाला जायचं ते पोलीस स्टेशनला जाल.

मागच्या महिन्यातलं सांगायचं राहिलं. धुतलेल्या पन्नास पुंगळ्या उन्हात फडक्यावर मांडून ठेवल्या होत्या, पाचव्यांदा भरायच्या होत्या, इतक्या सुंदर चमकत होत्या की मी फोटो काढून काकांना व्हॉट्सॲपवर टाकला. कौतुकाची अपेक्षा होती. खडकीत रात्रीचे साडेअकरा वाजले असतील, तरी काकांचा लगेच फोन.

"दुसऱ्या रांगेतली चौथी. बुडाच्या वर रेघ कसली?"

मी म्हणलं उजेडाची असेल.

"उजेडाची रेघ एकीला पडत नाही, सगळ्यांना पडते. तार घाल आत."

पेपरक्लिप सरळ केली, टोकाला जरासं वाकवलं आणि पुंगळीत घालून आतल्या भिंतीवरून बुडाकडून वर ओढली. बुडापासून पावएक इंचावर टोक अडकलं. बाहेरून फक्त एक फिकट चकचकीत वळं दिसत होतं, आत तिथं खाच पडली होती. पितळ तिथं ताणून ताणून पातळ झालेलं, आणखी एखाद्या गोळीत बूड वेगळं आणि नळी वेगळी झाली असती, आणि तो ६२,००० चा दाब माझ्या तोंडाकडे यायला वाट शोधत बसला असता. कारण माझी डाय. पुस्तकात म्हणल्याप्रमाणे टेकेपर्यंत खाली फिरवलेली, ती दर वेळी खांदा गरजेपेक्षा मागं ढकलत होती, आणि दर वेळी उडताना पुंगळी तेवढीच परत ताणत होती. इंचाच्या हजार भागांतले दोन पुरतात, मी सात-आठ ढकलत असणार. असणार, कारण मोजायचं गेज माझ्याकडे नव्हतं. माझं पितळ उघडं पडलं ते असं, तेही खडकीतून, फोनच्या स्क्रीनवर.

पन्नासच्या पन्नास तपासल्या. अकरांना क्लिप अडकली. काकांना कळवलं की अकरा बाद, एकोणचाळीस ठीक.

"एकाच वेळच्या ना सगळ्या? एकाच डायमधल्या?"

हो म्हणलं.

"मग एकोणचाळीस कशा ठीक?"

रविवारी गॅरेजमधे बसून पन्नासही पकडीने चेपल्या आणि भंगाराच्या बादलीत टाकल्या. गेज बुधवारी आलं.